कायद्यात नाव आहे, आवाजाची सोय नाही

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत ‘वाचा आणि भाषा दिव्यांगत्वा’ची व्याख्या दिली आहे. तिच्यात उदाहरणादाखल पहिला उल्लेख येतो तो स्वरयंत्र काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेचा. मी त्या व्याख्येत बसणारा नागरिक आहे. कर्करोगामुळे माझे स्वरयंत्र काढावे लागले. मी मानेवरील छिद्रातून श्वास घेतो आणि जबलपुरात वकिली करतो. कायद्याने आमची दखल घेतली याचे समाधान आहेच. मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर आरोग्य खाते, समाजकल्याण खाते आणि अर्थ खाते यांपैकी कोणाच्याही दप्तरात सापडत नाही.

व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी १८७३ मध्ये कर्करोगाच्या रुग्णाचे संपूर्ण स्वरयंत्र काढले आणि त्यांचे सहकारी गुसेनबाऊर यांनी त्याच रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्र बनवले. म्हणजे ही शस्त्रक्रिया जन्माला आली तेव्हापासूनच आवाज परत देणे हा उपचाराचा भाग मानला गेला. आज त्यासाठी तीन मार्ग आहेत. अन्ननलिकेत हवा घेऊन ती ढेकरेसारखी बाहेर सोडत बोलायला शिकणे हा पहिला. गळ्याला कंपन देणारे विजेरीवरचे उपकरण लावणे हा दुसरा. तिसरा मार्ग अमेरिकेतील सिंगर आणि ब्लॉम यांनी १९८० मध्ये मांडला. त्यात श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये लहान छिद्र करून एकाच दिशेने उघडणारी झडप बसवतात. मानेवरील छिद्र बोटाने झाकले की फुप्फुसातील हवा अन्ननलिकेत शिरते, तिथे कंप निर्माण होतो आणि जीभ व ओठ त्याचे शब्द करतात. मी याच पद्धतीने बोलतो. आवाज घोगरा आहे, पण युक्तिवाद पोहोचतो. ध्वनिवर्धक जवळ असावा आणि दालनात थोडी शांतता असावी, एवढीच गरज उरते.

दैनंदिन आयुष्यही फारसे अडत नाही. जड ओझे उचलताना श्वास रोखता येत नाही, गंध क्षीण होतो, स्नान करताना छिद्र सांभाळावे लागते. ग्वारीघाटावर नर्मदेत डुबकी मारणे मात्र कायमचे सुटले, कारण पाणी थेट फुप्फुसात जाईल. बाकी प्रवास, व्यवसाय, सभा, नातवंडांशी वाद हे सारे चालू राहते. अट एकच: शस्त्रक्रियेनंतर वाचोपचार मिळाले पाहिजेत आणि उपकरण परवडले पाहिजे.

नेमकी इथेच व्यवस्था हात आखडता घेते. आयुष्मान भारत योजनेतून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, हे मोठेच काम आहे. परंतु योजनेचा पाया रुग्णालयातील दाखल्याचा आहे आणि घरी गेल्यानंतरचा खर्च ती १५ दिवसांपर्यंतच सोसते. नव्या आवाजात बोलायला शिकण्यास महिने लागतात. झडप तर काही महिन्यांनी झिजते आणि बदलावी लागते. परदेशी बनावटीच्या झडपेला दर वेळी अनेक हजार रुपये पडतात. बेंगळूरुचे कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. विशाल राव यांनी ‘ओम’ नावाची झडप विकसित केली आणि तिची किंमत सुमारे एक डॉलर ठेवल्यामुळे तिची जगभर चर्चा झाली. स्वस्त उपकरण देशात बनू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. ते जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचवणे हे शासनाचे काम आहे.

विडी ओढणारा आणि कायदा

स्वरयंत्राच्या कर्करोगाचे प्रमुख कारण धूम्रपान आहे आणि जबलपूर हे विडी व्यवसायाचे जुने केंद्र. गोंदिया-भंडाऱ्यातील वाचकांना तेंदूपत्त्याचे हे अर्थकारण वेगळे समजावून सांगायला नको. विडी ओढणारा बहुधा हमाल, शेतमजूर किंवा बांधकाम कामगार असतो. वस्तू व सेवा कर परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये विडीवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या रोजगाराचा युक्तिवाद मी समजू शकतो. त्यांना पर्यायी काम मिळेपर्यंत तो खोडून काढणे सोपे नाही. पण रोजगार टिकवण्यासाठी करात सवलत द्यायची असेल, तर त्याच विडीने ज्यांचा आवाज नेला त्यांच्या पुनर्वसनाची तरतूदही त्याच टिपणीत असायला हवी होती.

कायद्याचे संरक्षणही या माणसापर्यंत पोहोचत नाही. कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही. जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. हे कलम केवळ शासकीय आस्थापनांना बांधील करते. हमालाला ते लागू नाही. शासकीय नोकरीतील चार टक्के आरक्षणाच्या कलम ३४ मध्ये तर वाचा दिव्यांगत्वाचा स्वतंत्र उल्लेखच नाही. आधीच अपुऱ्या असलेल्या इतरांच्या वाट्यातून आम्हाला द्या, अशी माझी मागणी नाही. आरक्षण नाकारले असेल तर पुनर्वसनाची हमी तरी द्या, एवढेच म्हणणे आहे.

अशा रुग्णांची संख्या थोडी आहे, असे यावर सांगितले जाईल. संख्या थोडी म्हणूनच खर्चही थोडा आहे. झडप, विजेरीवरचे उपकरण आणि वर्षभराचे वाचोपचार यांचा समावेश आयुष्मान भारतच्या उपचारसंचात करावा. कर्करोग शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात वाचोपचारतज्ज्ञाचे पद भरलेले असावे. महाकोशलातील रुग्णाला त्यासाठी नागपूर गाठावे लागू नये. रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांना एक गोष्ट शिकवावी, की आमच्यासारख्याला प्राणवायू तोंडावाटे नव्हे, मानेवरील छिद्रातून द्यायचा असतो. हे अज्ञान जिवावर बेतू शकते. डिजिटल सेवांची सुलभता हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये प्रज्ञा प्रसून प्रकरणात स्पष्ट केले. त्या न्यायाने केवळ दूरध्वनीवर बोलूनच ओळख पटवण्याची सक्ती कोणत्याही बँकेने करू नये.

कर्करोग धोरणाचे यश आपण किती रुग्ण वाचले यावरून मोजतो. वाचलेल्यांपैकी किती जण पुन्हा कामावर गेले आणि किती जणांना स्वतःचे म्हणणे स्वतः मांडता आले, याचीही नोंद ठेवायला राज्यांनी सुरुवात करावी. अशी नोंद झाली तरच त्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद मागता येईल.