सगळ्यांना एकच फूटपट्टी लावली की न्याय होतो का?

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका कॉलेजात 'कोड गोल्फ' स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दिलेलं काम कमीत कमी बाइटच्या प्रोग्राममध्ये करायचं. गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो, तसंच.

नियम एकच होता. भाषा कुठलीही घ्या, सगळ्यात छोटा प्रोग्राम पहिला. एका मुलीने जावात लिहिलं होतं, कारण अभ्यासक्रमात तेच शिकवतात. तिच्या कोडमधून एक बाइटही काढायला मला जागा सापडली नाही. नंबर आला शेवटून दुसरा.

आता आकडे बघा. नुसतं 'हॅलो, वर्ल्ड!' इंग्रजीत छापायला जावात पारंपरिक क्लास-मेन पद्धतीने 79 बाइट लागतात, पायथनमध्ये 22, मुद्दाम गोल्फसाठी बनवलेल्या गोल्फस्क्रिप्टमध्ये 15. आणि 2001 साली गंमत म्हणून काढलेल्या 'एचक्यू नाइन प्लस'मध्ये फक्त 1! यात कौशल्य लिहिणाऱ्याचं की भाषा बनवणाऱ्याचं?

काही जण म्हणतात, जावावाल्यांचे बाइट निम्मे धरा. मला पटत नाही. जावाचा ठरलेला सांगाडा छोट्या प्रश्नात जड पडतो, मोठ्या प्रश्नात तेवढा नाही. मग निम्मे की पाव, हे प्रत्येक वेळी ठरवणार कोण?

त्यापेक्षा भाषेगणिक वेगळी यादी लावा. कुस्तीत 57 किलोचा पैलवान 97 किलोवाल्यासमोर आपण उभा करतो का? एकूण विजेता हवाच असेल, तर त्याच भाषेतल्या उत्तम उत्तराशी तुलना करा. उत्तम उत्तर 80 बाइटचं आणि तुमचं 100 चं, तर तुम्हाला 80 गुण. पण एखाद्या भाषेत एकच स्पर्धक असला, तर तो एकटाच पळाला आणि पहिला आला, असं व्हायचं. म्हणून भाषांची यादी आधी जाहीर करा आणि प्रत्येक भाषेतलं एक चांगलं उत्तर जाणकाराकडून आधीच लिहून घ्या. आयोजकांचं काम वाढेल, कबूल आहे.

निघताना त्या मुलीने विचारलं, "सर, माझं काय चुकलं?" काहीच चुकलं नव्हतं. पण निकालपत्रावर सही माझीच होती. तिथे गप्प बसलो, म्हणून इथे लिहितोय.

तुमच्या कॉलेजात काय नियम आहेत? कमेंटमध्ये सांगा.