मुलाची साक्ष मुलानेच द्यावी

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या अथवा वारंवार उद्भवणाऱ्या दुखण्यास वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. ती मुलांनाही जडते. डोके दुखते, पोट दुखते, सांधे ठणकतात. परंतु क्ष-किरणांच्या चित्रात पुष्कळदा काहीच दिसत नाही. मग 'शाळा चुकविण्याचे सोंग' असा निकाल साक्ष न घेताच दिला जातो.

शास्त्राला हा निकाल मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मुलांच्या अशा वेदनेसाठी व्यायामोपचार, मानसोपचार व योग्य तेथे औषधे असा मार्ग सांगितला. औषध पाजता येते. व्यायाम मात्र मुलानेच करावयाचा असतो. म्हणून उपचारक आणि मूल यांचा परस्परविश्वास हा केवळ सौजन्याचा प्रश्न नव्हे, तो उपचाराचाच भाग होय.

हा विश्वास मोजता येतो. एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली त्याची तीन अंगे सांगितली: ध्येयाविषयी एकमत, करावयाच्या कामाविषयी एकमत आणि परस्परांतील जिव्हाळा. त्यांवरून हॉर्व्हाथ व ग्रीनबर्ग यांनी १९८९ साली ३६ विधानांची प्रश्नावली रचली. डॉक्टर गोड बोलतो, एवढ्याने मोजमाप पुरे होत नाही. डॉक्टरांना वेदनेचा आकडा उतरावयास हवा असेल आणि मुलाला मैदानावर परतावयाचे असेल, तर जिव्हाळा असूनही ध्येय दोन राहतात.

पण उत्तर कोणाचे घ्यावयाचे? आईबापांचे उत्तर आईबापांचेच असते. एकाने पाहिलेल्याची साक्ष दुसऱ्याने देऊ नये, हा न्यायालयाचा नियम येथेही लागू आहे. डॉक्टरांसमोर विचारल्यास मूल भिडेपोटी 'होय' म्हणेल. यास्तव प्रश्न मुलाच्या बोलीत असावेत, ते अन्य व्यक्तीने एकांतात विचारावेत आणि गुण कमी आल्यास दोष मुलाच्या माथी मारू नये. उपचाराची दिशा तपासावी.

बालहक्क करारनाम्याच्या १२ व्या कलमाने स्वतःसंबंधीच्या बाबींत मत मांडण्याचा हक्क मुलास दिला आहे. भारताने १९९२ साली हा करार स्वीकारला. विदर्भातील आपल्या कित्येक घरांत सिकलसेलचे ठणके सोसणारी मुले आहेत. त्यांच्या मातापित्यांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे: दवाखान्यात प्रश्न मुलाला विचारला गेला असेल, तर उत्तर तुम्ही देऊ नका. ज्याची वेदना, त्याचीच साक्ष.