गुणांच्या बेरजेतून संघ निघत नाही

जिल्ह्याचा कबड्डी संघ जाहीर झाला की उरणपासून श्रीवर्धनपर्यंत कोण घेतला, कोण वगळला यावर भांडण जुंपते. जुंपावेच, रायगडच्या किनाऱ्यावर कबड्डीवर मत नसलेला माणूस सापडणे कठीण. पण अलीकडे एका अभ्यासू गृहस्थांनी हे भांडणच मिटवायचा मार्ग काढला आहे. निवड स्पर्धेत कोणी किती गुण मिळवले ते मोजा, उतरत्या क्रमाने नावे लिहा आणि पहिली बारा उचला. वशिला संपला, तालुक्यांचे रुसवे संपले. फारच सोपे. मग निवड समिती तरी कशाला हवी? गुणलेखकाच्या हाती संघाचे पत्र देऊन मोकळे व्हावे.

या हिशेबात पहिला बळी जातो तो कोपरारक्षकाचा. चढाईपटूला एका सामन्यात पंधरा-वीस चढाया मिळतात. उजव्या कोपऱ्यावरच्या खेळाडूला पकडीची खरी संधी मोजून चार-पाच वेळा येते. दोघांचे गुण एकाच रांगेत लावायचे म्हणजे निकाल आधीच लिहून ठेवणे. शिवाय चढाईपटूच्या गुणांतही भेसळ असते. समोर सहा किंवा सात गडी असताना बोनस रेषा ओलांडून परतला की एक गुण पदरात पडतो, पण त्या गुणाने बाहेर बसलेला एकही गडी आत येत नाही. पकडीने येतो. बाद झालेले गडी ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने परततात. म्हणजे ज्याच्या वीस गुणांचे कौतुक चालले आहे, तो मधल्या वेळात बाकावर असताना त्याला मैदानात परत आणले कोणी? अनेकदा त्याच कोपरारक्षकाने, ज्याच्या नावापुढे तीनच गुण आहेत. आणि ज्याच्या धाकाने चढाईपटू त्या बाजूला फिरकलाच नाही, त्या धाकाचा रकाना कोणत्या गुणपत्रिकेत असतो?

पुरावा हवा तर प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा घ्या. २०२३च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक मोजले. त्याने चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळवलेही. संघ २२ पैकी २ सामने जिंकून तळाला राहिला. त्याच लिलावात पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख ओतले ते मोहम्मदरेझा शादलुईवर, ज्याची खरी ओळख पकडीची. चढायांचे ओझे अस्लम इनामदार, मोहित गोयत आणि पंकज मोहिते यांनी वाटून घेतले. साखळीतले दोनच सामने हरून १ मार्च २०२४ रोजी पलटणने विजेतेपद पटकावले. यावर ‘मॅटचे दाखले मातीला चालत नाहीत’ असे उत्तर येईल. माती की मॅट हा वाद इतका जुना आहे की तो काढणाऱ्यांनाही आता त्याचा कंटाळा आला असेल. बोनस आणि पकड यांचा नियम दोन्हीकडे एकच आहे. आकड्यांनी वशिला थांबतो म्हणणाऱ्यांनी हेही सांगावे की दुबळ्या गटात पडून गुण लुटणाऱ्याला काय म्हणायचे.

मग निवड करायची कशी? आधी दोन कोपरे घ्यावेत, शक्यतो एकत्र खेळलेले, कारण बचावाची साखळी चार दिवसांच्या सराव शिबिरात जुळत नाही. मग मध्यरक्षक. चढाईपटू शेवटी, आणि त्यातला एक तरी तिसऱ्या निर्णायक चढाईला न डगमगणारा असावा. एवढ्याने सगळे प्रश्न सुटतील असे नाही. समितीला सामने डोळ्यांनी पाहावे लागतील आणि निवडीची कारणे लेखी द्यावी लागतील. बाराच्या यादीत आठ चढाईपटू दिसले, तर प्रत्येक तालुक्यातल्या मंडळांनी ती कारणे जाहीरपणे मागावीत.