मांत्रिकाला ताकद हवी कशाला?



‘बाल्डर्स गेट ३’ या व्हिडिओ गेममध्ये पात्राच्या सहाही क्षमता सारख्या ठेवाव्यात, हा मागील अंकातील पत्राचा सल्ला पटला नाही. क्षमतांवर खर्चायला हाती २७ गुण असतात. सारखे वाटले तर तीन क्षमता १३वर आणि तीन १२वर येतात. पण फाशांवर १३ची बढत १२इतकीच! पात्राला मिळणारा जादाचा +१ एक १३ सावरेल, उरलेल्या दोहोंचे गुण सुरुवातीला वायाच. त्यापेक्षा मांत्रिकाने ९ गुण खर्चून बुद्धी ८वरून १५वर न्यावी, ताकद खुशाल ८च ठेवावी. दारे फोडायला सोबतचे तिघे आहेत. बेत फसलाच, तर तळावरचा विदर्स १०० सुवर्णमुद्रांत पात्र नव्याने घडवून देतो. पुण्यात तयार झालेल्या ‘राजी’ (२०२०) या गेममध्ये नायिका एकटीच लढते, तिथे पत्रलेखकाचे म्हणणे थोडेफार चालेल.

– एक वाचक, राई (भाईंदर पश्चिम)