समोरच्याचा चेंडू पॉकेटात घालून काय मिळतं? विल्सन जोन्स यांची आठवण



मागच्या व्हिडिओत बोलता बोलता मी विल्सन जोन्स हे नाव घेतलं. नंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, हा कुठल्या कंपनीचा मालक?" हसू आलं, थोडं वाईटही वाटलं. जोन्स कुठल्याच कंपनीचे मालक नव्हते. ते आपल्या पुण्यात जन्मलेले बिलियर्ड्सपटू. १९५८ साली कोलकात्यात त्यांनी हौशी खेळाडूंची जागतिक बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला स्वतंत्र भारताचा पहिला माणूस म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. खाशाबा जाधवांचं १९५२ चं ऑलिंपिक पदक आपल्याला निदान शाळेत तरी सांगितलं जातं. जोन्स मात्र तिथंही भेटत नाहीत. ५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत, वयाच्या ८१ व्या वर्षी ते गेले.

कोलाडला या, कुंडलिकेच्या काठानं फिरा. कित्येक रिसॉर्टच्या कोपऱ्यात पूलचं टेबल दिसेल. राफ्टिंग सकाळचं, कारण भिऱ्याला वीज तयार झाली की मग पाणी खाली येतं. मग दुपारी पोरं करणार काय? काठी घेऊन टेबलाभोवती उभी राहतात. एकानं चेंडू फोडायचा, दुसऱ्यानं मोबाईलवर शूटिंग करायचं. गंमत म्हणून ठीकच आहे. पण जोन्स ज्या टेबलावर खेळत, ते बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद, खाली दगडी पाट्या, वर हिरवं कापड. आणि चेंडू किती? फक्त तीन. दोघांचा एकेक, आणि एक लाल.

आता इथं जरा थांबा, कारण माझा सगळा मुद्दा या तीन चेंडूंत आहे.

लाल चेंडू पॉकेटात घातला की तीन गुण. तो परत टेबलावर ठेवला जातो, म्हणजे पुन्हा कमवायची सोय. तुमचा चेंडू एकाच फटक्यात बाकी दोन्ही चेंडूंना लागला की दोन गुण. याला कॅनन म्हणतात. आणि समोरच्याचा चेंडू पॉकेटात घातला तरी दोनच गुण. पण तो चेंडू लगेच परत येत नाही. समोरच्याची पाळी येईपर्यंत तो बाहेरच राहतो. म्हणजे झालं काय? दोन गुण मिळाले, आणि टेबलावर उरले दोनच चेंडू. कॅनन बंद. जी खेळी शंभर-दोनशेपर्यंत जाणार होती, ती तुम्ही तुमच्याच हातानं आखडून घेतली.

नवखा माणूस हा फटका हटकून मारतो, कारण समोरच्याचा चेंडू गायब झालेला बघायला बरं वाटतं. मुरलेला खेळाडू शक्यतो टाळतो. त्याला तो चेंडू टेबलावर हवा असतो. शत्रूवर प्रेम वगैरे काही नाही हो, त्याच चेंडूच्या जीवावर त्याचे गुण वाढणार असतात.

माझ्या कोलाडच्या बॅचमध्ये एक जण होता. नाव सांगत नाही, कारण तो हे वाचणार आहे. नाक्यापासून थोडं आत घर, मागे आंब्याची झाडं, दोन खोल्या वाढवून होमस्टे काढला. माणशी पंधराशे, जेवणासकट. आईच्या हातची तांदळाची भाकरी आणि मासे, त्यामुळे लोक परत यायचे. पुढच्या वर्षी शेजारच्यानंही तेच सुरू केलं. याचं डोकं फिरलं. यानं रेट बाराशे केला. त्यानं हजार. यानं नऊशे. मला फोन करून सांगतो, "सर, अजून दोन महिने, मग तो बंद पडतोय बघा."

आणि खरंच बंद पडला! याला आनंद. पुढं काय झालं ऐका. वीस-पंचवीस जणांचा ग्रुप असला की आधी अर्धे याच्याकडे, अर्धे शेजारी उतरायचे. आता एजंट म्हणाला, एवढे लोक तुझ्या एकट्याकडे मावत नाहीत. तो ग्रुप पुढच्या गावात गेला. आणि नऊशेचा रेट परत पंधराशे करायचा म्हटलं तर जुनं गिऱ्हाईक विचारतं, "मागच्या वेळी तर नऊशेच घेतले होते ना?" दोन गुण मिळाले आणि पुढची खेळी गेली.

यात माझीही चूक आहे, ती मान्य करतो. सुरुवातीच्या काही व्हिडिओंत मीसुद्धा छाती काढून "स्पर्धक संपवा" असं बोललेलो आहे. ते आज ऐकवत नाही. आपल्या क्षेत्रात हे वाक्य विकलं जातं, म्हणून बोललं जातं. पण कोलाडसारख्या ठिकाणी गिऱ्हाईक एका दुकानाकडे येत नाही, ते आधी गावाकडे येतं. मुंबईतून गाडी काढणारा माणूस आधी "कोलाडला जाऊ" म्हणतो, तुमचं नाव नंतर. हायवेचं काम वर्षानुवर्षं रखडलं तेव्हा नाक्यावरचे सगळेच एकदम बसले होते की नाही? मग चांगल्या दिवसांत एकमेकांचे गळे कशाला धरायचे?

आता कोणी म्हणेल, सर, समोरचा आमचंच नाव लावून धंदा करतोय, आमचेच फोटो टाकतोय, तरी गप्प बसायचं? नाही. सामना दोन गुणांवर अडला असेल तर बिलियर्ड्सवालासुद्धा समोरचा चेंडू पॉकेटात घालतो. नियमात बसतं ते. मी फक्त रोजच्या खेळाबद्दल बोलतोय.

जोन्स यांची आणखी एक गोष्ट, थोडक्यात. राष्ट्रीय बिलियर्ड्स विजेतेपद त्यांनी पहिल्यांदा १९५० साली जिंकलं. पुढं एकूण बारा वेळा, स्नूकरचं पाच वेळा. पण जगज्जेतेपदाला आठ वर्षं लागली. मधे १९५२ ची जागतिक स्पर्धा आपल्याच कोलकात्यात झाली, आणि चषक इंग्लंडचा लेस्ली ड्रिफिल्ड घेऊन गेला. सहा वर्षांनी त्याच शहरात जोन्स जिंकले, तेव्हा त्यांचं वय ३६ होतं. १९६४ ला न्यूझीलंडमध्ये पुन्हा जिंकले, वय ४२. आणि हे सगळं हौशी खेळाडू म्हणून, म्हणजे खेळावर पोट नाही. "नोकरी सोड आणि धंद्यात उडी मार" असं सांगणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. पोटापाण्याची सोय दुसरीकडे ठेवूनही माणूस जगात पहिला येऊ शकतो. तुमची एमआयडीसीतली शिफ्ट धंद्याच्या आड येतेच असं नाही.

१९६३ ला अर्जुन, १९६५ ला पद्मश्री, आणि १९९६ ला, सत्तरी उलटल्यावर, द्रोणाचार्य. शेवटचा पुरस्कार शिकवण्याबद्दलचा. स्वतःच्या हातातली कला त्यांनी पुढच्या पोरांना दिली, म्हणजे स्वतःच स्पर्धक तयार केले म्हणा ना.

तर तो आपला होमस्टेवाला. गेल्या महिन्यात त्याला म्हटलं, शेजाऱ्याकडे जा. म्हणाला, "सर, कुठल्या तोंडानं जाऊ?" आठ दिवस काही कळलं नाही. मग फोन आला. शनिवारी बावीस जणांचा ग्रुप येणार होता, आणि हा शेजारच्या अंगणात उभा राहून गाद्या मोजत होता. रेट काय ठरला, विचारलं. "तेराशे, दोघांचाही. पण सर, तो अजून माझ्याशी धड बोलत नाही."