टपोरे डोळे आणि सरकारी यादी

मोठ्या डोळ्यांच्या बाळाचे घरात कौतुक होते, दृष्टही काढली जाते. कोल्हापूरच्या वाड्यावस्त्याही त्याला अपवाद नाहीत. क्वचित एखाद्या बाळाला हे कौतुक महागात पडते. जन्मजात काचबिंदूत डोळ्यातील द्रव बाहेर पडण्याची वाट मुळातच सदोष असते. दाब वाढतो आणि अर्भकाचा डोळा लवचीक असल्याने तो ताणून मोठा होतो. बुबुळावरील पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, जन्मतः सुमारे १० मिलिमीटर रुंद असते. पहिल्या वर्षात ते १२ मिलिमीटरांपुढे गेले तर संशय घ्यावा. ताणाने पारपटलाचा आतला पातळ थर फाटतो, त्यात पाणी झिरपते आणि ते दुधाळ दिसू लागते. शस्त्रक्रियेने दाब उतरला की दुधाळपणा पुष्कळदा निवळतो. फाटल्याचे वण मात्र जन्मभर राहतात. बाळ उजेडात डोळे मिटते, डोळ्यांतून पाणी वाहते, आणि घरचे 'डोळे आले असतील' म्हणून थांबतात. तेवढ्यात नुकसान होऊन जाते.

रोग दुर्मिळ आहे, हे खरे. पाश्चात्त्य देशांत दहा-वीस हजार जन्मांमागे एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. आंध्र प्रदेशातील पाहणीत मात्र ते ३,३०० जन्मांमागे एक आढळले. नात्यातल्या लग्नांत त्याचा धोका वाढतो, आणि मामाच्या मुलीशी सोयरीक पंचगंगेकाठी नवी नाही. बहुधा हा दोष आई आणि बाप या दोघांकडून येतो. बोल मात्र एकट्या सुनेला लागतो.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्याचे यश प्रामुख्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या आकड्यांत मोजले गेले. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ यादीत जन्मजात मोतीबिंदू होता, काचबिंदू नव्हता. संख्या थोडी, म्हणून प्रश्न लहान, हा यामागचा हिशेब असेल तर तो हिशेब म्हणूनही चुकीचा आहे. सत्तरीतल्या माणसाचे अंधत्व आणि तान्ह्या बाळापुढची साठ-सत्तर वर्षे एकाच मापाने कशी मोजायची?

नवे खाते उघडण्याची गरज नाही. दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाळाच्या घरी आशा सेविका ४२ दिवसांत सहा वेळा जाते. डोळ्यांना सूज किंवा पू आहे का, हे ती पाहतेच. उजेड सोसतो का, बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसते का, हे आणखी दोन प्रश्न तिच्या तक्त्यात बसू शकतात. मात्र त्याचा वेगळा मोबदला तिला मिळाला पाहिजे; तिच्यावर फुकटची कामे पुष्कळ लादून झाली आहेत. तान्ह्या बाळाची नीट तपासणी अनेकदा भूल देऊनच करावी लागते, तीही वारंवार. चंदगडच्या मजुराला त्यासाठी कोल्हापूर शंभर किलोमीटरांहून दूर आहे. प्रत्येक खेपेला भाडे आणि बुडालेला रोज मिळाल्याशिवाय तो दुसऱ्यांदा येणार कसा? पाठच्या भावंडाची तपासणी तर जन्मताच व्हायला हवी.

आणि गळीत हंगामात साखर कारखान्यांभोवती बीडहून आलेल्या ऊसतोडणी कामगारांच्या खोपी पडतात. तिथे जन्मलेले मूल कोणत्या गावच्या आशा सेविकेच्या वहीत लिहायचे, हे जिल्हा परिषदेने हंगामापूर्वीच ठरवावे.