माळव्यात तो पहिलाच प्रयोग असेल

साप्ताहिक सदर : घरचा पडदा

धार आणि देवासच्या मराठी घरांत ‘चिमणराव’ कधी लागलाच नाही. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ मुंबई-पुण्याच्या बैठकीच्या खोल्यांत शेजारपाजार गोळा करत होते, तेव्हा आमच्याकडे टीव्हीच नव्हता. पुढे टीव्ही आला, पण त्यावर मराठी नव्हती. ‘गजरा’ नाही, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ नाही, ‘शब्दांच्या पलीकडले’ नाही, ‘किलबिल’ नाही. सुट्टीत पुण्याहून आलेली मावसभावंडं या कार्यक्रमांबद्दल बोलत, आणि आम्ही ऐकत राहायचो.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, तेव्हाचं तंत्रच तसं होतं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपकानं ते पुण्यात नेलं. मनोऱ्यावरून निघालेली टीव्हीची लहर साधारण नजर पोचेल तिथवरच जाते, म्हणून सिंहगडासारखी उंच जागा शोधावी लागली. मुंबईपासून सहाशे किलोमीटरवर, सातपुडा, नर्मदा आणि विंध्य ओलांडून माळव्याच्या पठारापर्यंत ती येणं शक्यच नव्हतं. १९८३ मध्ये इनसॅट-१बी उपग्रह वर गेला आणि १९८४ पासून देशभर लहान शक्तीची सहक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली. टीव्ही आमच्या दारात आला तो दिल्लीहून आणि हिंदीतून. मुंबईच्या मराठी कार्यक्रमांसाठी राखलेला संध्याकाळचा वेळ जिथवर पोचवला गेला, ती हद्द महाराष्ट्राची होती. भोपाळला दूरदर्शन केंद्र आलं १९९२ मध्ये, आणि ते साहजिकच मध्य प्रदेशासाठी, हिंदीत. मराठी ऐकू यायची ती रविवारी दुपारी, राष्ट्रीय वाहिनीवर प्रादेशिक चित्रपट लागत तेव्हा. त्यातही मराठीची पाळी बंगाली, मल्याळम, कन्नड अशा सगळ्यांच्या रांगेतून यायची. ती आली की घरातली मोठी माणसं जेवणं लवकर उरकून घेत.

‘हम लोग’, ‘बुनियाद’, ‘रामायण’, ‘महाभारत’ हे सगळं आम्ही उरलेल्या देशाबरोबर पाहिलं आणि त्यावर मनापासून प्रेमही केलं. म्हणून २८ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी लागून तीनच दिवस झालेले असताना, ‘रामायण’ पुन्हा सुरू झालं तेव्हा देवासच्या गल्ल्यांतही तो ओळखीचा आवाज घराघरांतून आला. १६ एप्रिलचा भाग देशभरात ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचं दूरदर्शननं जाहीर केलं होतं. आकड्याचा वाद घालणारे घालोत. तेहतीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा दाखवलेली मालिका आजोबा आणि नातू एकाच सतरंजीवर बसून पाहतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्याच लाटेत १३ एप्रिल २०२० ला प्रसार भारतीनं ‘डीडी रेट्रो’ नावाची वेगळी वाहिनीच काढली. जुन्या मालिका, फक्त जुन्या मालिका, आणि त्याही फ्री डिशवर, महिन्याचं भाडं न भरता.

ती वाहिनी टिकली नाही. टाळेबंदी उठली, लोक कामाला लागले, आणि काही काळानं ‘डीडी रेट्रो’ बंद झाली. मला याचं वाईट वाटतं, कारण कल्पना उत्तम होती. संकटात हाताशी आलेला उपाय म्हणून तिच्याकडे पाहिलं गेलं; कायमची सेवा म्हणून तिची आखणी झालीच नाही.

कायमची सेवा म्हणून ती चालते, याचा दाखला अमेरिकेत आहे. शिकागोच्या वायगल ब्रॉडकास्टिंग या कंपनीनं २००५ मध्ये शहरापुरती सुरू केलेली ‘मी टीव्ही’ डिसेंबर २०१० पासून देशभर पसरली. तिथं ‘पेरी मेसन’, ‘मॅश’, ‘अँडी ग्रिफिथ शो’ अशा पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मालिका ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी लागतात. २००९ मध्ये तिथलं प्रक्षेपण डिजिटल झालं आणि एकाच मनोऱ्यावरून चार-पाच वाहिन्या सोडणं शक्य झालं. त्या मोकळ्या जागेत ही वाहिनी बसली. घराच्या छपरावर अँटेना असला की ती फुकट दिसते. जाहिराती वयस्कर प्रेक्षकाला धरून मिळतात, कार्यक्रम तयार असतात, खर्च आवाक्यात राहतो. आपल्याकडे खासगी कंपन्यांनीही हे ओळखलं होतं. ‘स्टार उत्सव’ २००४ मध्ये आणि ‘झी अनमोल’ २०१३ मध्ये आली ती आपापल्या मोठ्या वाहिन्यांच्या जुन्या हिंदी मालिका घेऊनच. मराठीत मात्र जुन्या दूरदर्शनसाठी अशी जागा कुणी राखली नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या वीस वर्षांतले मराठी कार्यक्रम प्रसार भारतीनं नेमानं, क्रमानं, पूर्ण भागांसह फ्री डिशवर दाखवावेत. स्वतंत्र वाहिनी जमत नसेल तर दूरदर्शनच्या सह्याद्री या मराठी वाहिनीवर रोजचा एक तास ठरवून द्यावा. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ती आठवण वाटेल. धार, देवास, इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर इथल्या मराठी माणसाला ते सगळं नवं असेल. चाळीस-पंचेचाळीस वर्षं उशिरा का होईना, आमच्यासाठी तो पहिलाच प्रयोग असेल.

यावर लगेच उत्तर येतं की हे सगळं यूट्यूबवर आहे, शोधा आणि पाहा. बरंच आहे, खरं आहे. सह्याद्रीनं आणि प्रसार भारतीच्या संग्रहालयानं तिथं पुष्कळ जुनं ठेवलं आहे आणि ते काम मोलाचं आहे. पण शोधायचं काय, हे आधी माहीत असावं लागतं. देवासच्या दहा वर्षांच्या मराठी मुलाला ‘चिमणराव’ हे नाव ठाऊकच नाही. तो ते टंकणार कसं? त्याच्या आईलाही ठाऊक नाही, कारण तिनंही ते पाहिलेलं नाही. संग्रह मागणाऱ्याला देतो. प्रक्षेपण न मागणाऱ्याच्या घरातही जातं, जेवणाच्या ताटासमोर येऊन बसतं, आणि मूल गृहपाठ करता करता वर पाहतं. भाषा अशीच कानावर पडते. आमच्या मुलांना देवनागरी शाळेत हिंदीमुळे येते, वाचता येतं. अडतं ते कानाशी. घरात आजी असेपर्यंत मराठी ऐकू येते. आजी गेली की आई-वडील आपसांत मराठीत आणि मुलांशी हिंदीत बोलू लागतात. एका पिढीत भाषा स्वयंपाकघरापुरती उरते. हे मी धारमध्ये पाहतो आहे, देवासमध्ये पाहतो आहे, आणि मला ते सोसत नाही.

आजच्या मराठी वाहिन्या केबलवर, डिशवर दिसतात की, असंही कुणी म्हणेल. दिसतात, आणि आम्ही त्या पाहतो. १५ ऑगस्ट १९९४ ला दूरदर्शनची मराठी वाहिनी उपग्रहावर आली, पाच वर्षांनी त्याच तारखेला ‘अल्फा टीव्ही मराठी’ आली, तेव्हा इथल्या कित्येक घरांत केबलवाल्याकडे हट्ट धरून ती जोडून घेतली गेली. पण रोजच्या मालिकेतली भाषा आणि त्या पहिल्या वीस वर्षांतली भाषा यांत फरक आहे. तेव्हा नाटकातली, साहित्यातली माणसं कॅमेऱ्यासमोर येऊन सावकाश, पूर्ण वाक्यं बोलत. लेखकाला प्रश्न विचारला की तो विचार करून उत्तर देई आणि कॅमेरा थांबून राही. ‘ज्ञानदीप’मध्ये आकाशानंदांनी सामान्य माणसाला शिकवताना जी मराठी वापरली, ती ऐकून मूल आज मराठी शिकू शकेल.

आता दोन उदाहरणं, केवळ माळव्यासाठी. ‘स्वामी’ ही गजानन जागीरदारांची मालिका. रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल देव रमाबाई. रणजित देसाईंच्या कादंबरीवरची ही मालिका महाराष्ट्रात लोक अजून विसरलेले नाहीत. माधवराव पेशवे नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला वारले. त्यानंतर जे झालं त्याचं एक पान धारच्या किल्ल्यात आहे. नारायणरावाच्या खुनानंतर बारभाईंच्या फौजेपुढे राघोबादादा पळत होते, तेव्हा गरोदर आनंदीबाई पवारांच्या आश्रयाला धारच्या किल्ल्यात राहिल्या. जानेवारी १७७५ मध्ये तिथंच दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. शेवटचा पेशवा धारचा. धारच्या मुलांना हा किल्ला सहलीला जायची जागा म्हणून माहीत आहे. ‘स्वामी’ पाहून उठलेलं मूल दुसऱ्या दिवशी त्याच तटाकडे पाहील तेव्हा इतिहासाचं पुस्तक पुण्यात संपत नाही हे त्याला कुणी सांगावं लागणार नाही.

दुसरं उदाहरण पुन्हा चिमणरावाचंच. चिमणराव पुण्याचा कारकून असला तरी त्याचे जनक चिं. वि. जोशी बडोद्यात पाली शिकवत होते. गायकवाडांच्या राज्यात बसून त्यांनी मराठी मध्यमवर्गाला हसवलं. बडोदे, इंदूर, धार, देवास, ग्वाल्हेर ही सगळी मराठी दौलतींची गावं. इथली मराठी महाराष्ट्राच्या वाङ्मयाला सतत काही देत आली. देवासनं तर कुमार गंधर्व दिले. १९४८ मध्ये क्षयानं आजारी असलेला तेवीस वर्षांचा गायक कोरड्या हवेसाठी इथं आला, माताजीच्या टेकडीखाली राहिला, माळव्याची लोकगीतं ऐकत पडून राहिला आणि उठला तेव्हा त्याचं गाणं बदललेलं होतं. ते गाणं मुंबई-पुण्यानं आपलं मानलं, आम्हाला त्याचा अभिमान आहे. आता मुंबईकडे जे आहे ते आमच्यापर्यंत यावं, इतकं मागायचा हक्क या गावांना आहे असं मी मानतो.

अडचणी खऱ्या आहेत. पहिली हक्कांची. १९८४ नंतर प्रायोजित मालिकांचा काळ आला, त्यात निर्माता बाहेरचा असे आणि दूरदर्शनकडे बहुधा ठरावीक वेळा दाखवण्याचेच अधिकार असत. अशा प्रत्येक मालिकेसाठी निर्मात्याशी किंवा त्याच्या वारसांशी बोलावं लागेल. पण मुंबई केंद्राचं सर्वांत चांगलं काम त्याच्या आधीचं किंवा त्याला समांतर, केंद्राच्या आतलं आहे. विनायक चासकर, विजया जोगळेकर, अरुण काकतकर, याकूब सईद, विनय आपटे ही माणसं दूरदर्शनच्या नोकरीत राहून कार्यक्रम करत होती. तो साठा दूरदर्शनच्या घरातला आहे. सुरुवात तिथून करता येते, आणि ज्या कलावंतांची नावं तेव्हा घाईत पडद्यावरून निघून गेली ती आता प्रत्येक भागापूर्वी नीट सांगता येतील.

दुसरी अडचण जास्त दुखणारी आहे. पुष्कळ कार्यक्रम राहिलेलेच नाहीत. त्या काळी चित्रफीत महाग होती, परकीय चलनात यायची, म्हणून एका कार्यक्रमाची फीत पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम घेतला जाई. जगभर हेच झालं. लंडनच्या बीबीसीनं साठ-सत्तरच्या दशकांत ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या फिती अशाच पुसल्या आणि तिचे नव्वदहून अधिक भाग हरवले. मात्र तिथं लोकांनी हार मानली नाही. परदेशी केंद्रांना विकलेल्या प्रती, खासगी संग्राहकांच्या कपाटांतले डबे शोधून बरेच भाग परत मिळवले गेले. नायजेरियातून २०१३ मध्ये नऊ भाग हाती आले.

आपल्याकडे अशी शोधमोहीम कुणी आखलेली माझ्या पाहण्यात नाही. ती सह्याद्रीनं आखावी, महाराष्ट्र शासनाच्या भाषा विभागानं पैसे द्यावेत, आणि बृहन्महाराष्ट्रातल्या मंडळांनी आपापल्या गावात ती चालवावी. इथं माळव्याचा उपयोग आहे. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आले तेव्हा ज्यांना मराठी टीव्ही दिसत नव्हता अशा घरांसाठी पुण्या-ठाण्याच्या नातलगांनी कार्यक्रम टेप करून पाठवले असतील, तर त्या कॅसेट आज कुठं असणार? ज्यांना त्या हव्या होत्या त्यांच्याच घरी. व्हीएचएसच्या फितीला दमट हवेत बुरशी लागते. माळव्याची कोरडी हवा तिला मुंबईच्या हवेपेक्षा नक्कीच मानवते.

म्हणून धार, देवास आणि इंदूरच्या वाचकांना एक काम सांगतो. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा खोका उघडाल तेव्हा कॅसेट भंगारात देऊ नका. लेबलवर ‘लग्न’ किंवा ‘मुंज’ लिहिलेलं असलं तरी शेवटपर्यंत पाहून घ्या, कारण रिकाम्या राहिलेल्या फितीवर लोक टीव्हीवरचं घेत असत. बुरशी दिसली तर घरच्या यंत्रात घालू नका, फीत तुटते. कॅसेट उभी, कोरड्या जागी, स्पीकरच्या चुंबकापासून लांब ठेवा आणि तिच्यावर काय आहे ते मला या सदराच्या पत्त्यावर लिहून कळवा. यादी तयार झाली की ती मी मुंबईला सह्याद्रीच्या केंद्र-संचालकांकडे पाठवीन.